रक्त पातळ करायच्या गोळीनं पायातली ताकद जाते का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सेलू तालुक्यातून लिहितोय, जिल्हा परभणी. माझी माय ६२ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीत तिला छातीत धडधड व्हायली म्हणून परभणीला दाखवलं, डॉक्टर म्हणले ठोके बरोबर पडत नाहीत, रक्त पातळ करायची गोळी आता कायम घ्यावी लागेल. तेव्हापासून अपिक्साबान ५ सकाळ-संध्याकाळ चालू आहे, संग चरबीची अटोरवास्टॅटिन ४०, ठोक्याची मेटोप्रोलॉल आणि पायावर सूज होती म्हणून लघवीची टॉरसेमाइड. दोन-अडीच महिन्यांपासून मायच्या पायातली ताकदच गेल्यासारखी झालीय. खाली बसली की उठता येईना, मांड्या भरून येतात म्हणती. गुडघ्यासाठी मेडिकलवरून एक गोळी आणतो ती पण चालू आहे. गावातल्या डॉक्टरनं ताकदीची सुई मारली, तिथं ढुंगणावर मोठं काळंनिळं झालंय. शेजारची काकू म्हणती रक्तच पातळ केलं तर ताकद कशी राहील, ही उंदराच्या औषधाची गोळी असती. हिरव्या भाज्या पण बंद केल्यात. आता चार दिवस झाले मायनं संध्याकाळची गोळी आपल्या मनानं सोडलीय. पूर्ण बंद करू का?

उत्तर :

भाऊ, बाकीचं सगळं नंतर सांगते, आधी ते संध्याकाळच्या गोळीचं बघा, आजच. मावशींना विचारा की संडास काळी, डांबरासारखी चिकट होते का, लघवी लाल होते का, हिरड्यातून नाहीतर नाकातून रक्त येतं का, आणि ते सुईच्या जागचं काळंनिळं कमी होत चाललंय का वाढत चाललंय, हाताला टणक गोळा लागतो का. यातलं एक जरी असलं तर गोळीचं काय करायचं ते घरी बसून ठरवायचं नाही, गाडी करा आणि तसंच परभणी गाठा. यातलं काहीच नसेल तर ज्या डॉक्टरांनी गोळी लावली त्यांना आज फोन करा, चार दिवस एकच वेळ घेतली हे लपवू नका, आणि त्यांनी हो म्हटलं की आज संध्याकाळपासून नेहमीसारखी एक गोळी. राहिलेल्या चार गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत. लोक भरपाई म्हणून तसं करतात म्हणून मुद्दाम लिहायलेय.

एवढी घाई कशासाठी? अपिक्साबान अंगात जास्त वेळ टिकत नाही, साधारण १२ तासात तिचा जोर निम्म्यावर येतो, म्हणून तर ती दिवसातून दोनदा असते. संध्याकाळची सोडली म्हणजे रात्र आणि पहाट उघडी पडली. मावशींच्या हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो, तिथं रक्त रेंगाळतं, आणि दूध एका जागी थांबलं की जसं विरजतं तशी रक्ताची गुठळी तिथं धरते. ती गुठळी सुटली की बहुतेक वेळा मेंदूकडं जाते आणि माणसाच्या अंगावरून वारं जातं. ठोके असे अनियमित असले की पॅरालिसिसचा धोका साधारण पाचपट होतो आणि रक्त पातळ करायच्या औषधांनी त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश धोका कमी होतो. आता पायात ताकद कमी आहे म्हणून ही गोळी सोडली आणि अर्धं अंगच गेलं तर काय करायचं भाऊ? म्हणून तुम्ही विचारलंत ना पूर्ण बंद करू का, तर बंद करायची नाही. डॉक्टरांनी तोंडानं सांगितल्याशिवाय नाही.

आता काकूंचं म्हणणं. काकूंवर चिडू नका, गावात सगळेच असं बोलतात आणि ऐकायला पटतंही. पण या गोळीनं रक्तात पाणी वाढत नाही, रक्तातलं सत्त्व कमी होत नाही. रक्त गोठायला शरीरात एकामागून एक असे बरेच घटक काम करतात, त्यातल्या एकाला ही गोळी धरून ठेवते, त्यामुळं गुठळी व्हायला वेळ लागतो, बस एवढंच. ताकद देणारं हिमोग्लोबिन वेगळी गोष्ट आहे, त्याला ही गोळी हात लावत नाही. आणि उंदराच्या औषधाची गोष्ट वॉरफरिन नावाच्या जुन्या गोळीची आहे. अमेरिकेत कुजलेलं एक प्रकारचं गवत खाऊन जनावरं रक्तस्राव होऊन मरायली, त्याचा शोध घेता घेता ते द्रव्य सापडलं, त्यावरून पुढं वॉरफरिन झालं. १९४८ ला ते उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ ला माणसांसाठी मंजूर झालं आणि १९५५ ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर तेच दिलं होतं. लाखो लोक त्याच्यावर जगलेत. मावशींची अपिक्साबान तर त्या घराण्यातली पण नाही, ती वेगळ्या पद्धतीनं काम करते.

मग मांड्यांची ताकद कुठं गेली? तुमचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याला एका वाक्यात उत्तर नाही.

रक्त पातळ करणारी गोळी स्नायूवर थेट घाव घालते असं सहसा होत नाही. अपिक्साबानच्याच जातीच्या रिव्हरॉक्साबान नावाच्या गोळीच्या माहितीपत्रकात थकवा, अशक्तपणा, हातपाय दुखणं असं लिहिलेलं सापडतं, म्हणून पेशंट सांगतो ते खोटं म्हणायचं कारण नाही. पण या गोळ्यांवर असताना पायातली ताकद जाते तेव्हा मला सगळ्यात आधी भीती असते ती कुठंतरी रक्त जातंय याची. आणि रक्त दोन प्रकारे जातं. एक म्हणजे पोटातून थेंब थेंब, महिनोनमहिने, कळत पण नाही, दुखत पण नाही. हिमोग्लोबिन १२ वरून १० वर, १० वरून ८ वर, माणूस हळूहळू फिका पडत जातो, चार पावलं चाललं की दम, छातीत धडधड, मांड्या भरून येणं, डोळ्यापुढं अंधारी. घरचे म्हणतात वय झालं. आणि मावशींच्या बाबतीत तर याला खतपाणी घालणारी गोष्ट घरातच आहे, ती मेडिकलवरून आणलेली गुडघ्याची गोळी. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असलं काही असेल तर ते जठराला जखम करतं, आणि वर रक्त गोठू न देणारी गोळी असली की ती जखम वाहत राहते. या दोघींची जोडी लई वाईट. ती गुडघ्याची गोळी आजपासून बंद, याला मात्र कुणाला विचारायची गरज नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या मापात. काळी संडास विचारताना एक लक्षात ठेवा, लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरी संडास काळी होते, ती डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची नसते, पण शंका आली तर तपासूनच घ्या.

दुसरा प्रकार म्हणजे रक्त स्नायूतच साठणं. हे क्वचित होतं पण ओळखायला पाहिजे. पोटाच्या आत मागं, कमरेपासून मांडीपर्यंत एक मोठा स्नायू असतो जो पाय वर उचलतो, त्यात रक्त साठलं की जांघेत नाहीतर कमरेत एका बाजूला जबर दुखतं, माणूस पाय पोटाशी घेऊन पडतो, सरळ करता येत नाही, आणि मांडीची नस दाबली गेली तर मांडीच्या पुढच्या बाजूला बधिर होतं आणि गुडघा मधेच लटकन सुटतो. बाहेरून काही दिसत नाही. हे बहुतेक वेळा एकाच पायाचं असतं. आणि पाठीत अचानक दुखायला लागून दोन्ही पाय सुटत चालले, लघवी अडली, तर मणक्यात रक्त साठल्याची शक्यता असते, तिथं तासांचा हिशोब असतो, सकाळी बघू म्हणायचं नाही.

तुमच्या पत्रावरून मावशींना हे दुसरं वाटत नाही, कारण तुम्ही दोन्ही मांड्यांचं सांगताय आणि हळूहळू दोन-अडीच महिन्यांत झालंय म्हणताय. पण पत्रावरून म्हणजे पत्रावरूनच. तुम्ही घरी काही गोष्टी नीट बघा, डॉक्टरांना फार उपयोगी पडतात. मावशी भाकरी थापून झाल्यावर चुलीपुढून उठतात तेव्हा मांडीवर हात टेकून, नाहीतर भिंत धरून उठावं लागतं का? संडासला बसून उठताना? डोक्यावर कळशी चढवताना, केस विंचरताना खांदे भरून येतात का? हे होत असेल आणि दम लागत नसेल तर मांडी-खांद्याचे मोठे स्नायूच कमजोर झालेत असं धरायचं. उलट उठता तर येतं पण ओट्यापासून गेटपर्यंत गेलं की बसावंसं वाटतं, धाप लागते, तर रक्त कमी आहे नाहीतर हृदयाचं काही आहे. चालताना चप्पल निसटली तरी कळत नाही, तळपायाला मुंग्या, रात्री आग, तर नसांचं आहे, साखर आणि बी-१२ बघावं लागेल. एक पाय का दोन, दुखतं का नुसती ताकद नाही, सकाळी जास्त का संध्याकाळी, हे सगळं एका कागदावर लिहून न्या. ओपीडीत डॉक्टरांकडं वेळ कमी असतो आणि आपल्याकडच्या बाया डॉक्टरांपुढं नुसतं "कसंतरी होतंय" एवढंच म्हणतात.

मोठे स्नायू कमजोर वाटत असतील तर त्या पिशवीतल्या बाकीच्या गोळ्यांकडं बघायचं. सगळा राग रक्त पातळ करायच्या गोळीवर निघतो कारण तिचं नाव ऐकूनच भीती वाटते, पण तिच्यासोबत जवळजवळ प्रत्येक हृदयाच्या पेशंटला चरबीची गोळी असते, अटोरवास्टॅटिन नाहीतर रोसुव्हास्टॅटिन, आणि स्नायू दुखणं, मांड्या भरणं यासाठी खरं नाव तिचं घेतलं जातं. त्यातही खरं ते सांगते, २०२२ मधे लॅन्सेट नावाच्या डॉक्टरांच्या नियतकालिकात मोठमोठ्या चाचण्यांचा एकत्र हिशोब आला होता, त्यात असं निघालं की या गोळ्यांवर असताना स्नायूच्या ज्या तक्रारी येतात त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त तक्रारी गोळीमुळं नसतातच, नुसती खडूची गोळी दिली तरी आल्या असत्या. म्हणजे लगेच तिला पण फेकू नका. पण मावशींचा डोस ४० आहे, आणि काही गोष्टी जुळल्या तर ही गोळी खरंच त्रास देते. थायरॉइड कमी असणं ही त्यातली एक, आणि थायरॉइड कमी असलं की नुसत्या त्यानंच पण मांड्या कमजोर होतात. दुसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाही पण मी विचारतेच, मावशींना नायटा-गजकर्णासाठी कुठली कॅप्सूल चालू होती का? सध्या घरोघर नायटा आहे, अंघोळीचा टॉवेल एक, कुणाचा बराच होत नाही, आणि त्यासाठी इट्राकोनॅझोल नावाची कॅप्सूल महिना महिना खाल्ली जाते. ही कॅप्सूल चरबीच्या गोळीचं प्रमाण रक्तात वाढवते आणि अपिक्साबानचं पण वाढवते, म्हणजे एकीकडं स्नायूला मार आणि दुसरीकडं रक्त जायचा धोका, दोन्ही एकदम. चामडीच्या डॉक्टरला माहीत नसतं हृदयाची गोळी चालू आहे आणि हृदयाच्या डॉक्टरला माहीत नसतं नायट्याची कॅप्सूल चालू आहे, कारण दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या पिशवीत. खोकल्या-घशासाठी मिळणारी क्लॅरिथ्रोमायसिन पण चरबीच्या गोळीसोबत असंच करते.

लघवी तांबडी-काळपट, कोऱ्या चहासारखी व्हायली, संग अंग लई दुखतंय आणि ताकद झपाट्यानं चाललीय असं झालं तर चरबीची गोळी पुढची घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना, कारण स्नायू तुटून किडनीवर येऊ शकतं. हे विरळ आहे, पण माहीत असू द्या.

मग ती लघवीची टॉरसेमाइड. तिच्यानं पोटॅशियम जातं, पोटॅशियम कमी झालं की पाय लटलट कापतात, वांब येतात, ताकद राहत नाही. आणि आता उन्हाळा. परभणीचं ऊन ४२-४३ च्या खाली बोलत नाही, माणूस घामानं निथळतोय, वर लघवीची गोळी, वर "हृदयाचा पेशंट आहे पाणी कमी पाज" असं कुणीतरी सांगितलेलं. पाणी किती प्यायचं, आणि सूज उतरली असेल तर टॉरसेमाइड रोज लागते का एक दिवसाआड चालते, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मेटोप्रोलॉलनं काही लोकांना अंग जड होतं, चढ चढताना पाय ओढल्यासारखे वाटतात, पण तीही एकदम तोडायची गोळी नाही, ठोके उसळतात.

आता एक नाजूक गोष्ट विचारते, मावशींनाच एकटीला विचारा, तुमच्यापासून लपवलं असेल. आठवडी बाजारातून, नाहीतर कुणाच्या हातून, सांधेदुखीची पुडी चालू आहे का? दोन दिवसात गुडघा मोकळा होतो, भूक लागते, तोंड भरल्यासारखं दिसतं, बाई म्हणते काय गुण आला. बऱ्याच पुड्यांमधे स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टिरॉइड बरेच दिवस पोटात गेलं की मांडीचे स्नायू झिजतात, बरोबर तुम्ही लिहिलंय तसं, खालून उठता येत नाही. साखर वाढते ते वेगळंच. पुडी चालू असेल तर रागावू नका, आणि बरेच महिने चालू असेल तर एकदम तोडू पण नका, पुडीच डॉक्टरांकडं घेऊन जा. एकदम तोडली तर बीपी पडून माणूस गळून जातो.

ताकदीच्या सुईबद्दल मला मनापासून वाईट वाटलं. आपल्याकडं सुई मारल्याशिवाय पेशंटला दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही, आणि डॉक्टरनं नाही म्हटलं तर लोक दुसऱ्याकडं जातात, हे मला माहीत आहे. पण रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या माणसाला ढुंगणात नाहीतर दंडात खोल सुई मारली की आत रक्त साठतं, तेच मावशींना झालंय. यापुढं कुठंही गेलात तरी दारातच सांगायचं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, सुई नको. बी-१२ खरंच कमी निघालं तर ते गोळीनं पण भरून काढता येतं. एका कागदावर गोळीचं नाव आणि डोस लिहून मावशींच्या बटव्यात ठेवून द्या, आधार कार्डासोबत. दात काढायचा असला, कुठं ऑपरेशन ठरलं तरी तोच कागद पुढं करायचा. आणि मांड्या भरून येतात म्हणून जोरजोरात तेल रगडून मालिश, पायावर पाय देऊन तुडवणं, हाड बसवणाऱ्याकडं नेणं, हे सगळं बंद. हलक्या हातानं तेल लावा, तेवढं चालतं, मायेचा हात लागतोच.

तपासण्यांचं म्हणाल तर फार मोठा खर्च नाही. हिमोग्लोबिन आणि पेशी, किडनीसाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, थायरॉइडची टीएसएच आणि स्नायूसाठी सीपीके, एवढ्यावर बराच उलगडा होतो, जमलं तर बी-१२ आणि डी जीवनसत्त्व. दिवसभर घरात आणि अंगभर पदर, त्यामुळं उन्हाच्या प्रदेशात राहूनही बायांचं डी कमी निघतं, आणि डी लई कमी असलं की मांड्या दुखतात, उठता येत नाही. सीपीके करताना डॉक्टरांना सांगा की ढुंगणात सुई मारली होती आणि तिथं रक्त साठलंय, कारण नुसत्या त्यानंही सीपीके थोडं वाढलेलं येतं आणि उगाच चरबीच्या गोळीवर आळ येतो. थोडं वाढलं म्हणून घाबरायचं नाही, नेहमीच्या दहापट झालं की मात्र गंभीर. यातलं बरंच जिल्हा रुग्णालयात होऊन जातं, तिथं आधी विचारा.

क्रिएटिनिन आणि वजन हे दोन आकडे अपिक्साबानसाठी पण लागतात. वय ८० किंवा त्याहून जास्त, वजन ६० किलो किंवा त्याहून कमी, क्रिएटिनिन दीड किंवा त्याहून जास्त, या तिन्हीतल्या दोन गोष्टी जुळल्या तर डोस ५ चा अडीच करतात. आपल्याकडच्या शेतात राबलेल्या कितीतरी बाया ५० किलोच्या आतच असतात, म्हणजे एक गोष्ट तर बऱ्याच जणींची जुळलेलीच असते, उन्हाळ्यात पाणी कमी पडून क्रिएटिनिन चढलं की दुसरी जुळते. पण अडीच करायचं ते डॉक्टरांनी. पट्टीतली गोळी विळीवर अर्धी करून "थोडी थोडी घेते" असं नाही.

महाग पडते म्हणून मावशी एक वेळची वाचवत असतील तर तेही विचारून बघा, बायामाणसं खर्चाचं तोंडानं सांगत नाहीत. जेनेरिक आल्यापासून या गोळीची किंमत बरीच उतरलीय, जवळच्या जनऔषधी केंद्रात चौकशी करा, आणि डॉक्टरांनाच म्हणा की परवडेल अशी लिहून द्या, यात लाजायचं काही नाही.

हिरव्या भाज्या कशाला बंद केल्या? तो नियम वॉरफरिन आणि तिच्याच घराण्यातल्या असिनोकुमरॉलवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्या हृदयाची झडप बदललीय, ज्यांना दर महिन्याला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) करावा लागतो त्यांचा, कारण पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलटं काम करतं. आणि त्यांनाही भाजी सोडायची नसतेच, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला, करडईची भाजी, मेथी, चुका, शेपू रोज ताटात आणि उन्हाळ्यात महिनाभर काहीच नाही, असं झालं की आयएनआर वरखाली होतो. झडपवाल्यांच्या घरी हे पत्र कुणी वाचत असेल तर अजून एक, लोखंडी झडप असताना "नवी गोळी चांगली, तपासणी लागत नाही" म्हणून आपल्या मनानं अपिक्साबानसारख्या गोळीवर जायचं नाही, त्या झडपेला ती चालत नाही. मावशींना मात्र यातलं काहीच बंधन नाही, आजच मेथीची भाजी करा.

खाण्यावरून राहवत नाही म्हणून बोलते. घरातली माय सगळ्यांच्या शेवटी जेवते, तोवर वरणाचं भांडं रिकामं झालेलं असतं, मग भाकरी आणि ठेचा. साठीनंतर स्नायू तसेही झिजतात, वर आजारपणात महिना-दोन महिने पडून राहिलं की आणखी, आणि पोटात डाळ-अंडं काही नसलं तर ते भरून येणार कशानं? मावशींच्या ताटात दोन्ही वेळेला घट्ट वरण नाहीतर मोडाची मटकी, दुपारी वाटीभर दही, चालत असेल तर एक अंडं, शेंगदाण्याचा लाडू, हे तुम्ही समोर बसून बघा. किडनीचा रिपोर्ट चांगला आला की मग. आणि खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, परत बसायचं, असं जमेल तितक्या वेळा, सकाळ-संध्याकाळ, कुणीतरी जवळ उभं राहून.

जवळ उभं राहून यासाठी म्हणतेय की पडण्याची भीती मोठी आहे. पायात ताकद नाही, रात्री लघवीला उठायचं, अंगणात अंधार, आणि रक्त न गोठणारं. डोक्याला मार लागला आणि मावशी उठून बसल्या, बोलायल्या, चहा पण प्यायल्या, तरी त्याच दिवशी डोक्याचा सिटी स्कॅन करून घ्यायचा, मेंदूत रक्त हळूहळू साठतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस गुंगीत जातो. संडासच्या वाटेवर रात्रभर बल्ब चालू ठेवा, भिंतीला धरायला एखादा पाइप ठोकून घ्या, बाज फार खाली असेल तर पायाखाली विटा देऊन उंच करा.

तोंड एका बाजूला वाकडं झालं, दोन्ही हात समोर धरायला सांगितले आणि एक खाली पडला, शब्द अडखळायले, तर ती ताकद जाण्याची वेगळीच गोष्ट आहे. तिथं झाडपाल्याचं औषध पाजायला अमुक गावाला घेऊन जायचं नाही, नाकात काही पिळायचं नाही, १०८ लावायचा आणि सिटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्यायचं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं, ते मावशींना देता येईल का दुसरा उपाय करावा लागेल ते शेवटची गोळी किती वाजता घेतली त्यावर ठरतं, म्हणून घड्याळात बघून दोन वेळा लिहून ठेवा, त्रास सुरू झाल्याची आणि शेवटच्या गोळीची.

परभणीला जाताना पिशवी पूर्ण न्या भाऊ, हृदयाच्या गोळ्या, गुडघ्याची, कॅप्सूल असली तर ती, पुडी असली तर ती, रिकाम्या पट्ट्या पण. रिपोर्ट आले की हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, सीपीके आणि टीएसएच हे आकडे, मावशींचं वजन आणि डॉक्टर काय म्हणले ते मला लिहून पाठवा. गोळ्यांची नावं लिहायला अवघड वाटली तर फोटो पाठवा, पट्टीची मागची बाजू दिसेल असा, बारीक अक्षरात खरं नाव तिथंच असतं.